नऊशे प्रती, एकतीस वाचक

नोव्हेंबर १९९२ मधली ती सकाळ. न्यू जर्सीतल्या माझ्या कॉमिक्सच्या दुकानाबाहेर साडेसातपासूनच रांग लागली होती. दुकान उघडायला अजून अडीच तास होते आणि बोलणाऱ्याच्या तोंडून वाफ निघावी अशी थंडी होती. त्या दिवशी सुपरमॅन मरणार होता. त्याच्या मासिकाचा ७५ वा अंक काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद होऊन आला होता आणि आत अंकासोबत दंडावर बांधायची काळी फीतही होती. मी ९०० प्रती मागवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकही उरली नाही. त्या रात्री गल्ला मोजता मोजता मी तिसरं दुकान काढायचं ठरवलं.

दुकानं कशी बुडाली, असं कोणी विचारलं की मी त्या रात्रीपासून सांगायला लागतो. शेवटचं कुलूप १९९६ मध्ये लागलं, पण बुडालो मी त्या रात्रीच.

पुण्यात लहानपणी आमच्या गल्लीत एक जण इंद्रजाल कॉमिक्स भाड्याने द्यायचा. वेताळाचा नवा अंक आला की एका दिवसात तो पाच-सहा घरं फिरायचा आणि परत जाईपर्यंत त्याचे कोपरे दुमडलेले असायचे. अमेरिकेत आल्यावर नोकरी चांगली होती, पण मन तिथेच अडकलेलं. १९८८ मध्ये साठवलेले पैसे घालून आम्ही पहिलं दुकान घेतलं. हिशेब माझी बायको बघायची. दुकानात नेमाने येणाऱ्या प्रत्येक वाचकाच्या नावाचा एक कप्पा होता. त्याची मासिकं आली की आम्ही त्यात ठेवायचो आणि तो आठवड्यातून एकदा येऊन घेऊन जायचा. असे १४० कप्पे होते. एक शाळामास्तर होते, गुरुवारी संध्याकाळी हमखास यायचे. अकरा वर्षांचा एक मुलगा खाऊच्या पैशांतून महिन्याला तीन अंक घ्यायचा आणि दारातच उभा राहून पहिला वाचून काढायचा. दुकान चालत होतं ते या माणसांमुळे. १९९१ मध्ये दुसरं दुकान काढलं, तेही असंच, सावकाश जम बसवत.

सुपरमॅनचा तो अंक विकल्यावर हिने मला एकच प्रश्न विचारला होता. "अहो, पिशवी फोडून वाचताना कोणीच दिसलं नाही. हे पुस्तक आहे की लॉटरीचं तिकीट?" मी उत्तर दिलं नाही. दर महिन्याला सुपरमॅन वाचणारे आमचे कप्पे मोजले असते तर आकडा निघाला असता ३१. बाकीचे साडेआठशेहून जास्त लोक जपून ठेवायला, पुढे विकायला घेत होते. पहिल्या सुपरमॅनचा, म्हणजे जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’ क्रमांक एकचा, दहा सेंटांचा अंक आता हजारो डॉलरना जातो, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं असायचं. पण तो अंक महाग का, याचा विचार कोणी केला नाही, मीही नाही. तेव्हाच्या मुलांनी ती पुस्तकं फाटेपर्यंत वाचली, आयांनी रद्दीत घातली, महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत ढिगाने गेली. उरल्या त्या थोड्या. ज्या वस्तूच्या लाखो प्रती लाखो लोक पहिल्या दिवसापासून प्लास्टिकमध्ये घालून कपाटात ठेवतात, ती दुर्मीळ होणार कशी?

आता या धंद्याची मेख सांगतो, कारण कॉमिक्स विकत नसलात तरी ती तुम्हाला कुठे ना कुठे भेटेल. पूर्वी अमेरिकेत कॉमिक्स पेपरच्या स्टॉलवर मिळायची आणि न विकलेला माल परत जायचा. १९७३ च्या सुमाराला ब्रुकलिनच्या फिल सूलिंग यांनी प्रकाशकांशी वेगळा व्यवहार ठरवला: दुकानदाराला सूट जास्त, पण माल परत घ्यायचा नाही. यातूनच कॉमिक्सची स्वतंत्र दुकानं उभी राहिली. ही पद्धत वाईट नव्हती. फक्त मागणी दोन-तीन महिने आधी, यादीतलं चित्र बघून नोंदवायची असते. प्रकाशकाच्या लेखी अंक विकला गेला तो तुम्ही मागणी नोंदवलीत तेव्हाच. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह निघाला आणि ८० लाखांवर प्रती खपल्या, असं सगळीकडे छापून आलं. त्या खपल्या दुकानदारांना. त्यातल्या किती दुकानांच्या मागच्या खोलीत पडून राहिल्या, हे त्या आकड्यात नव्हतं. दुसऱ्याच्या खपाचा आकडा ऐकलात की आधी विचारा: माल शेवटच्या गिऱ्हाइकाच्या हातात गेला, की मधल्या माणसाच्या गोदामात?

तिसरं दुकान मी १९९३ च्या वसंतात एका मॉलमध्ये काढलं. भाडं पहिल्या दोन दुकानांच्या एकत्रित भाड्याहून जास्त, करार पाच वर्षांचा. करारात एक कलम होतं: कंपनी भाडं देऊ शकली नाही तर मी स्वतः देणं लागतो. वकिलाकडे कागद दाखवायला दोन दिवस लागले असते. मी थांबलो नाही. वैयक्तिक हमीच्या कलमाखाली केलेली ती सही मला पुढे राहत्या घरावर दुसरं कर्ज काढायला लावणारी ठरली. तुम्ही कंपनी काढता ती घर आणि धंदा वेगळे राहावेत म्हणून. ती हमी दिलीत की मधली भिंत तुम्हीच पाडता. द्यावीच लागली तर वर्षाची मर्यादा घाला, रकमेची मर्यादा घाला. जागामालक मागितल्याशिवाय देत नाहीत, पण मागितल्यावर पुष्कळदा देतात.

त्याच वसंतात सुपरमॅनच्या पुनरागमनाचा अंक आला, या वेळी पांढऱ्या पिशवीत. आधीच्या ९०० प्रती दीड दिवसात गेल्या होत्या म्हणून मी तिन्ही दुकानांत मिळून ३,००० मागवल्या. ११०० गेल्या. लॉटरीवाले आलेच नाहीत. काळ्या पिशवीतला अंक विकायला गेलेल्यांना कळलं होतं की प्रत्येकाकडे तोच अंक आहे आणि घेणारा कोणी नाही. पुढच्या दोन महिन्यांच्या मागण्या तोवर नोंदवून झाल्या होत्या. माल येतच राहिला. दर आठवड्याला खोकी, दर आठवड्याला बिल.

ते भरायला मी सगळ्यात मोठी चूक केली. कप्प्यांच्या मासिकांची मागणी कमी केली, कारण त्यांत नफा थोडा होता, आणि चकाकत्या मुखपृष्ठांचे "पहिले अंक" वाढवले. कप्प्यातला एखादा अंक चुकायला लागला. वाचणारा माणूस गोष्टीचा मधला भाग चुकला की दुसऱ्या दुकानात जातो, भांडत नाही. शाळामास्तर कधी यायचे थांबले ते माझ्या लक्षातही आलं नाही. त्या मुलाच्या आईने एकदा येऊन कप्पा बंद करायला सांगितलं. पैसे पुरत नाहीत म्हणाली. पूर्वी तीन अंकांना पुरायचे त्यात आता दोनही येत नव्हते. हे लिहिताना आजही मला त्या मुलाचा दारातला चेहरा दिसतो.

१९९४ च्या अखेरीस ‘एक्स-मेन’च्या प्रकाशकाने, मार्व्हलने, हीरोज वर्ल्ड ही वितरण कंपनी विकत घेतली, बाकीचे मोठे प्रकाशक डायमंड या दुसऱ्या वितरकाकडे गेले, वितरणाची घडी विस्कटली. हजारो दुकानं मोडली. २७ डिसेंबर १९९६ ला खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. माझ्यासारखे पुष्कळ जण या घटनांकडे बोट दाखवतात. मला ते खरं वाटत नाही. माझं शेवटचं दुकान त्याच वर्षी एप्रिलमध्ये बंद झालं होतं, आणि मॉलमधलं त्याच्याही वर्षभर आधी. वादळ आलं तेव्हा माझी नाव बुडालेलीच होती. एकाच पुरवठादारावर धंदा उभा करणं मात्र धोक्याचं, हे खरं. त्या डायमंडनेही जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

आम्ही कर्ज फेडलं. नऊ वर्षं लागली. मी परत नोकरी धरली, हिने शनिवार-रविवार दुसरीकडे हिशेब लिहिले. न विकलेली खोकी रद्दीपेक्षा थोड्या जास्त भावात गेली.

तुमच्यापैकी कोणी दुसरं किंवा तिसरं दुकान काढायच्या विचारात असेल, मग ते पुस्तकांचं असो, मिठाईचं असो की मोबाइलचं, तर सही करण्याआधी एक रात्र माझ्यासाठी द्या. रांगेचे फोटो बाजूला ठेवा. कोरा कागद घ्या आणि काही नवीन नसतानाही, साध्या मंगळवारी तुमच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांची नावं लिहून काढा. आकडा नको, नावं. तेवढ्या नावांवर नव्या गाळ्याचं भाडं निघत असेल तर करा सही. निघत नसेल तर आहे ते दुकान सांभाळा, आणि घरातलं कोणी तुम्हाला प्रश्न विचारत असेल तर त्याच रात्री त्याचं उत्तर द्या.