जुनी पट्टी मागून घ्या

विसर्जनाच्या रात्री गिरगाव चौपाटीवर कंबरभर पाण्यात उतरलो, तेव्हा खिशात फोन आहे याचं भानच नव्हतं. दुपारी लालबागहून निघालेली आमची मिरवणूक मध्यरात्र उलटल्यावर पोहोचली होती. रिकाम्या पाटावर वाळू घेऊन बाहेर आलो आणि खिसा जड लागला. आयफोन ११. चालू होता. पुसला आणि निभावलं असं समजलो.

घरी येऊन तो चार्जिंगला लावला, ही पहिली चूक. खारं पाणी आत असताना वीज सुरू राहिली की बारीक जोडण्या झपाट्याने गंजतात. सकाळी तांदळाच्या डब्यात पुरला, ही दुसरी. तांदूळ आतलं मीठ ओढत नाहीत, त्यांची भुकटी मात्र खाचेत जाते. फोनची कंपनीही तांदळात ठेवू नका असंच सांगते. हा फोन दोन मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं टिकतो, असं मी सगळ्यांना ऐकवायचो. पण ती चाचणी नव्या फोनची, प्रयोगशाळेत, गोड्या पाण्यात होते. वापराने सील सैल होतात, आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

तिसऱ्या दिवशी फोन चेहरा ओळखेना. फोनवरचा आवाज दबका येऊ लागला. कानाला लावला तरी स्क्रीन विझत नव्हती, गाल लागून कॉल कट व्हायचा. ही सगळी लक्षणं एकाच जागेची होती. स्क्रीनच्या वरच्या काठाला, कानाच्या स्पीकरबरोबर, एक नाजूक पट्टी असते. चेहऱ्यावर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकणारा दिवा तिच्यावरच बसवलेला असतो. शेजारच्या कॅमेऱ्याच्या भागातून तीस हजारांहून जास्त अवरक्त ठिपके पडतात आणि त्यांवरून चेहऱ्याचा नकाशा तयार होतो. या भागांची आणि बोर्डाची ओळख कारखान्यातच पटवलेली असते. दुसऱ्या आयफोन ११ मधला अस्सल भाग आणून लावला, तरी बोर्ड तो स्वीकारत नाही.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दादर स्टेशनजवळच्या एका दुकानात फोन दिला. "डिस्प्लेत पाणी गेलंय, पट्टीसकट बदलतो, तासाभरात या," दुकानदार म्हणाला. तासाभराने स्क्रीन लख्ख, आवाज खणखणीत. चेहरा मात्र ओळखतच नव्हता. "ते आता होणार नाही, पासकोड वापरा." जुनी पट्टी मागितली, तर ती कचऱ्यात गेली होती.

पुढे लॅमिंग्टन रोडवर मायक्रोस्कोपखाली काम करणारा एक कारागीर भेटला. त्याच्या टेबलावर दुसऱ्या कुणाचं काम चालू होतं. गंजलेल्या पट्टीवरून त्याने गरम हवेने मूळ दिवा उचलला, चिमट्यात धरला. तांदळाच्या दाण्याहून मोठा नसेल. तोच दिवा नव्या पट्टीवर बसवला, म्हणजे बोर्डाला आपला जुना दिवा परत मिळाला. माझा फोन उघडून त्याने पाहिला आणि म्हणाला, "जुनी पट्टी आणा, मग बघतो." पैसे न घेता फोन परत दिला.

म्हणून कळकळीने सांगतो. फोन भिजला की आधी बंद करा, सिमचा ट्रे काढा, चार्जरला हात लावू नका. समुद्राचं पाणी असेल तर बाहेरून नळाच्या पाण्याने हलकेच धुऊन पुसा. वाट बघत बसू नका, त्याच दिवशी उघडून साफ करून घ्या, कारण फोन चालू दिसत असला तरी आत मीठ आपलं काम करत असतं. चेहऱ्यावर विसंबून पासकोड विसरू नका. आणि चेहरा ओळखण्याची तक्रार असेल तर दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: मूळ भाग वाचवून काम करणार का? नुसतं "बदलून देतो" असं उत्तर आलं तर फोन उचला आणि दुसरीकडे जा.

फोन ठेवावाच लागला, तर काढलेला प्रत्येक भाग पाकिटात घालून परत हवा, हे पावतीवर लिहून घ्या.