‘ध’चा ‘मा’ करणे : एका वाक्प्रचाराचा पाठ

वाक्प्रचाराचा अर्थ फळ्यावर लिहून दिला की विद्यार्थी तो पाठ करतात व परीक्षेनंतर विसरतात. त्याची जन्मकथा सांगितल्यास तो मनावर ठसतो. मात्र कथा सांगताना इतिहास कोणता व आख्यायिका कोणती, हा विवेक शिक्षकाने सोडता कामा नये. ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार या दृष्टीने विशेष उद्बोधक होय.

इतिहास : ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांची हत्या केली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांचे चुलते रघुनाथराव यांस दोषी ठरविले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने रघुनाथरावांचा पेशवेपदावरील हक्क संपला. पुढे ते आपल्याच जिल्ह्यात, गोदाकाठी कोपरगाव येथे राहिले व १७८३ मध्ये त्याच परिसरात निवर्तले. कोपरगाव तालुक्यातील शिक्षकांस हा पाठ परिसरापासूनच आरंभिता येईल.

आख्यायिका : रघुनाथरावांनी नारायणरावांस ‘धरावे’ असा हुकूम लिहिला, त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी ‘ध’च्या जागी ‘मा’ घालून ‘मारावे’ असे केले, असे परंपरेने सांगतात. हत्या हा इतिहास आहे. अक्षरबदल ही लोकपरंपरा आहे. ती ‘असे सांगतात’ या शब्दांनीच सांगावी. अन्यथा ज्या स्त्रीस आपली बाजू मांडता येत नाही, तिच्यावर आपण वर्गात प्रतिवर्षी आरोप शाबीत करीत असतो, आणि ऐकीव गोष्ट पुराव्याविना खरी मानण्याची सवय मुलांस लागते. तत्कालीन दफ्तर मोडी लिपीत लिहिले जाई, हेही सांगावे. फळ्यावरील बाळबोध अक्षरे केवळ समजुतीसाठी होत.

अर्थ : लबाडीने मजकुरात अल्पसा फेरफार करून अर्थाचा अनर्थ करणे. येथे हेतूस महत्त्व आहे. घाईने ‘धडा’ ऐवजी ‘घडा’ लिहिणे ही केवळ चूक. हिशेबाच्या वहीत ‘देणे’ खोडून ‘घेणे’ करणे हा मात्र ‘ध’चा ‘मा’ होय.

अध्यापन : प्रथम फळ्यावर ‘धरावे’ लिहावे. एका विद्यार्थ्याकडून ‘ध’ पुसून ‘मा’ लिहवून घ्यावा व वाक्य मोठ्याने वाचवावे. एका अक्षराने माणसाचा जीव जाऊ शकतो, हे मुलांस निराळे सांगावे लागत नाही. शुद्धलेखनाची निकड पटविण्यास याहून प्रभावी साधन क्वचितच सापडेल.

स्वाध्याय :
१. अर्थभेद सांगा : दिन–दीन, सुत–सूत, भार–मार.
२. हा वाक्प्रचार योजून दोन वाक्ये लिहा.
३. या पाठातील इतिहास कोणता व आख्यायिका कोणती, ते वेगळे करून लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या वर्गास नीट देता आले, त्या वर्गात हा पाठ सफल झाला असे समजावे.