बावखलातलं पोहणं आणि कुंडलिकेचं पाणी

पोहायला मी बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, शिकलो. वसईतल्या नंदाखालला आमच्या आळीमागे, केळीच्या वाडीला लागून ते बावखल अजून आहे. आसपासची कितीतरी बुजली, त्यांच्यावर इमारती आल्या. काकांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून ढकललं होतं आणि आठवड्याभरात डबा सुटला. त्यामुळे राफ्टिंगच्या फॉर्मवर ‘पोहता येतं का?’ या प्रश्नापुढे मी ‘उत्तम’ असं लिहिलं. कोलाडला कुंडलिका नदीवर आमच्या राफ्टमध्ये आठ जण होते. त्यातल्या सहा जणांना पोहण्याचा गंधही नव्हता. पाण्यात पडलो तो मी.

सहल मीच आखली होती, म्हणून आधी माझीच चूक सांगतो. कुंडलिका ही आपल्या सोयीने वाहणारी नदी नव्हे. सेनापती बापटांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्या मुळशीचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून भिऱ्याच्या टाटांच्या वीजघरात उतरतं. १९२७ पासून हे चालू आहे. खरं तर ते पाणी भीमेकडून बंगालच्या उपसागराला जायचं; जनित्रं फिरवून ते कोकणात येतं आणि रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. वीजनिर्मितीनंतरचं हे पाणी सकाळी सुटतं, त्या लोंढ्याबरोबर राफ्ट निघतात आणि बारा-चौदा किलोमीटर जातात. लोंढा ओसरला की खाली नुसते दगड. म्हणजे वेळापत्रक वीजघराचं, आपलं नाही.

आणि आम्ही निघालो पहाटे साडेचारला! वरसावे पुलावरच तास गेला, पुढे घोडबंदर, मग पेणच्या अलीकडे कुणाला तरी चहा हवा झाला. पोहोचलो तेव्हा बाकीच्या राफ्ट पाण्यात उतरत होत्या. सूचना द्यायला गाइडला पाच मिनिटं मिळाली, त्यातली दोन मी फोटो काढण्यात घालवली. लाइफ जॅकेटचे पट्टे पोटाला काचत होते, ते गुपचूप सैल केले. पायात वाडीत घालतो ते सैल सँडल.

तिसऱ्या की चौथ्या खळाळाला राफ्ट दगडावर आडवी चढली. गाइड ओरडला, सगळे आत बसले, मी मात्र वल्हं सावरत राहिलो आणि पुढच्या क्षणी पाण्याखाली होतो. वर आलो तर जॅकेट कानांपर्यंत सरकलेलं. बावखलातल्या सवयीने मी हात मारत काठाकडे निघालो. गुडघ्याला दगड लागला तसा उभा राहिलो.

नदीत याहून वाईट काही करता येत नाही. उजवा पाय दोन दगडांच्या फटीत गेला, मागून पाण्याने ढकललं आणि मी कमरेत वाकून तोंडावर पडलो. पाणी जेमतेम मांडीइतकं होतं. पण वाहत्या पाण्याचा जोर पाठीवर असताना अडकलेला पाय मागे ओढता येत नाही आणि मान वर काढता येत नाही. मांडीभर पाण्यात माणूस बुडतो तो असा. सँडलचा पट्टा तुटला म्हणून माझा पाय निघाला. सैल सँडल घालू नका, असं सगळे सांगतात ते बरोबरच आहे. माझं दैव मी कुणाला शिफारस म्हणून देणार नाही. मागून आलेल्या कायाकवाल्याने मला ओढून नेलं. घोटा तीन आठवडे सुजलेला होता.

आता कुणी विचारलं की मी आधी हेच सांगतो: पडलात तर पोहू नका. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याच्या वर, ढुंगण उचललेलं. दगड आला तर तळव्याने ढकला. पाणी संथ होईपर्यंत उभं राहायचं नाही. दोराची पिशवी फेकली तर दोरच धरा, पिशवी नव्हे. तो खांद्यावरून छातीशी घ्या, मनगटाला गुंडाळू नका. अपवाद एकच. पुढे पाण्यात आडवं झाड किंवा फांद्यांचं जाळं दिसलं तर मात्र पालथे होऊन जिवाच्या आकांताने बाजूला पोहा. त्यातून पाणी जातं, माणूस जात नाही.

जॅकेट घातल्यावर कुणाला तरी खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत आलं तर ते सैल आहे. चष्म्याला दोरी हवी. मागे बांधता येतील असे बूट हवेत. आदल्या रात्री कोलाडलाच मुक्काम करा, आणि त्या मुक्कामात बाटली नको. आमच्याकडे हे सांगितलं की लोक हसतात, मी तरी सांगतो.

नदी निवडताना तिची श्रेणी विचारा. ती एक ते सहा अशी मोजतात. कुंडलिका साधारण दोन-तीन, ऋषिकेशच्या वरच्या गंगेत तीन-चारचे खळाळ भेटतात आणि तिथलं पाणी हिमालयातल्या बर्फाचं, हात बधिर करणारं. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग बंद असतं. गोव्यात वाळपईकडे म्हादईत उलट पावसाळ्यातच चालतं. आयोजकाला दर विचारण्याआधी विचारा: पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, सोबत सुरक्षेचा कायाक असतो का, आणि पाणी जास्त आहे म्हणून शेवटची फेरी कधी रद्द केली होती? शेवटच्या प्रश्नाला जो अडखळतो, त्याच्याकडे मी जात नाही.

आणि धरणाखालच्या नदीत राफ्टमधून उतरून फोटोला बसू नका. २०१४ च्या जूनमध्ये हिमाचलात बियास नदीच्या दगडांवर उभे असलेले हैदराबादचे चोवीस विद्यार्थी वरच्या लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात गेले. त्यांतले किती जण पोहणारे होते, याने काही फरक पडला नसता.

या ऑक्टोबरात पुतण्या मित्रांबरोबर ऋषिकेशला निघालाय. चौघेही बावखलात वाढलेले, चौघांनीही फॉर्मवर ‘उत्तम’ लिहिलेलं. गेल्या रविवारी अर्नाळ्याच्या एका मित्राकडून जॅकेटं मागून आणली आणि चौघांना बावखलात उताणं झोपवलं, पाय वर. वाडीत केळीची पानं कापणारी शेजारीण काठावर येऊन उभी राहिली.

“काय रे, पोरं पोहायला विसरली काय?”

“विसरवतोय,” म्हटलं. पुतण्याचे पाय अजून खाली जात होते. पुन्हा झोपवला.