खंदकाचा धडा
हिजरी सन 5 मध्ये मोठे सैन्य मदीनेवर चालून आले. तेव्हा खंदक खोदण्याचा सल्ला मूळचे इराणचे हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी दिला. अरबांना ही युद्धरीत अपरिचित होती, तरीही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती स्वीकारली. खोदकाम सहाबांमध्ये वाटून दिले आणि स्वतः उपाशीपोटी माती वाहिली.

दिव्य कुरआनने (सूरह शूरा, 38) आपसांतील सल्लामसलत हा श्रद्धावंतांचा गुण सांगितला आहे. कार्यालयात, कारखान्यात आपण नवख्याचे मत ऐकतो काय? वरिष्ठ असूनही जड कामाला हात लावतो काय? सहकाऱ्याच्या कल्पनेचे श्रेय स्वतःकडे घेणे ही खयानतच होय. चौदा शतके लोटली, तरी खंदकाची कल्पना हजरत सलमान (रजि.) यांच्याच नावे सांगितली जाते.