रसशाळेतील घातक कचरा : साठवण व तपासणी

पारद, हिंगूळ, हरताळ या द्रव्यांच्या शोधनास आपण जितके महत्त्व देतो, तितके शोधनानंतर उरणारा कल्क, गाळणीची वस्त्रे व धुवण यांस देत नाही. एका रसशाळेच्या पाहणीत पारद गाळलेली वस्त्रे भट्टीत जाळली जात असल्याचे आम्हांस आढळले. उष्णतेने पारदाची वाफ होते व ती श्वासावाटे प्रथम कामगारासच बाधते.

तपासणी करताना पुढील बाबी पाहाव्यात :

१) साठवणीची जागा छताखाली, कुलपात व औषधी कोठारापासून दूर असावी, फरशी न झिरपणारी व भोवती बांध असावा.

२) पारदयुक्त कचरा घट्ट झाकणाच्या स्वतंत्र पात्रात ठेवून त्यावर नमुना ८ प्रमाणे लेबल लावावे.

३) सांडलेला पारद झाडूने लोटू नये; त्याचे सूक्ष्म कण होऊन पसरतात. खिडक्या उघडून तो जाड कागदाने गोळा करावा.

४) घातक कचरा नियम, २०१६ अन्वये साठवण सर्वसाधारणपणे ९० दिवसांहून अधिक नसावी. नोंद नमुना ३ मध्ये ठेवावी व कचरा अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच पाठवावा.

अनुसूची 'टी' मध्येही कचऱ्याच्या योग्य विल्हेवाटीची अट आहेच. तथापि नोंदवही पाहण्यापूर्वी खल चालविणाऱ्या कामगाराचे हात पाहावेत. हातांस कंप, हिरड्यांस सूज वा अनिद्रा असल्यास त्यास त्या कामावरून तत्काळ दूर करून रक्त व मूत्र यांतील पाऱ्याची तपासणी करवावी. हे निदान वैद्याने चुकवू नये.