मणका मोडला म्हणजे ऑपरेशनच का?



गळीत हंगाम सुरू झाला की तोड, भरणी आणि वाहतुकीची एकच घाई उडते. डोक्यावर मोळी घेऊन शिडीने ट्रकवर चढणारा गडी पाय घसरून खाली येतो. भरल्या ट्रॉलीवर बसलेला माणूस चाक खड्ड्यात आदळले की फेकला जातो. हंगाम नसतानाही नारळाच्या झाडावरून, विहिरीच्या काठावरून माणसे पडतातच. उंचावरून पायावर किंवा बैठकीवर आदळले की हिसका थेट कण्याला बसतो आणि मणका मोडतो.

मग घरात दोन मते निघतात. एक म्हणतो, ‘आता ऑपरेशनच, रान गहाण टाका.’ दुसरा म्हणतो, ‘हाडवैद्याकडं न्या, चोळून बसवून देतोय.’ दोन्ही मते तपासणीच्या आधीची, म्हणून दोन्ही धोक्याची. आम्ही शेती खात्याची माणसे, डॉक्टर नव्हे. पण फडात अपघात झाला की मुकादम, चिटबॉय आणि आम्हीच आधी पोचतो. म्हणून या खेपेस उसाऐवजी कण्याविषयी चार गोष्टी सांगत आहोत.

कण्याची रचना

कण्यात एकूण ३३ मणके असतात. मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५, आणि त्याखाली एकमेकांत जुळलेले ५ व ४. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. हातापायांची हालचाल, लघवी-शौचावरचा ताबा, सगळे त्याच्यावर अवलंबून. पाठ आणि कंबर जिथे मिळते तिथला मणका पडण्याने जास्त मोडतो.

वाऱ्याने लोळलेला ऊस बुडाशी धड असेल तर बांधून उभा करता येतो. कांड्यात मोडलेला राहत नाही. कण्याचेही थोडेफार तसेच आहे. मणका नुसता पुढून चेपला असेल, मागचे सांधे आणि बंध शाबूत असतील, पायात ताकद असेल, तर तो मोड ‘स्थिर’ समजतात. असे कितीतरी मोड ऑपरेशनविना जुळतात. पण मणका जागेवरून सरकला, पाय लुळे पडले, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी तुंबली, तर ऑपरेशनची गरज लागू शकते आणि तिथे वेळ घालवणे महागात पडते. कोणता प्रकार आहे हे एक्स-रे, सी.टी. आणि गरज पडल्यास एम.आर.आय. पाहून डॉक्टरच ठरवणार. हाताने चाचपून ते कळत नाही. चोळून, ओढून तर स्थिर मोडसुद्धा बिघडतो.

बिनऑपरेशनचा उपचार

यात काही करायचेच नसते, असा गैरसमज नको. सुरुवातीला वेदनाशामक औषधे आणि थोडे दिवस विश्रांती. मग डॉक्टर सांगतील तर पाठीचा पट्टा बांधून उभे करणे, उभ्याने पुन्हा एक्स-रे घेणे, हळूहळू चालणे आणि व्यायाम. साधारण ८ ते १२ आठवडे हा क्रम चालतो. मधून मधून एक्स-रे घेऊन मणका आणखी खचत नाही ना, हे पाहतात.

अमेरिकेत वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायाची ताकद शाबूत असलेल्या, स्थिर पण फुटलेल्या मणक्याच्या ४७ रुग्णांची तुलना केली. निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. ऑपरेशन केलेल्यांना न केलेल्यांपेक्षा पुढे जास्त फायदा झाल्याचे दिसले नाही.

हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत कंबर व कण्याच्या मोडासाठी रुग्णाला फळीवर निजवून खुंट्यांना बांधून स्थिर ठेवण्याचा ‘कपाटशयन’ हा उपाय सांगितला आहे. इंग्लंडमध्ये १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडेव्हिल येथे कण्याच्या जखमींसाठी केंद्र सुरू केले. उशांच्या आधाराने मणका सरळ ठेवायचा आणि रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलायची, हा त्यांचा दंडक होता. त्याआधी असे रुग्ण अंथरुणाच्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने दगावत.

पाय गेले तरी माणूस संपत नाही, हे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी दाखवले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून या जवानाला अपंगत्व आले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक स्पर्धेत पोहून त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

फडात माणूस पडला तर

१) त्याला उठवून बसवू नका. दोघांनी हातपाय धरून उचलणे सर्वांत घातक.
२) ‘मान हलवू नको’ असे सांगा. दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावा. पायाची बोटे हलतात का, स्पर्श कळतो का, ते विचारा आणि डॉक्टरला सांगा.
३) १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत जागेवरच ठेवा. फार धोक्याची जागा असेल तरच हलवा.
४) हलवायचेच झाले तर चार-पाच जण लागा. एकाने डोके धरून हुकूम द्यायचा. सगळे अंग ओंडक्यासारखे एकदम कुशीवर वळवून खाली दार किंवा रुंद फळी सरकवायची. मोटारसायकलवर किंवा जीपच्या सीटवर बसवून नेऊ नका.
५) पाणी, चहा, दारू काही पाजू नका. उलटी झाली तर सगळे अंग एकसंध कुशीवर वळवा.

घरच्यांसाठी आणि मुकादमांसाठी

उठताना आधी कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठावे. वाकणे, ओझे उचलणे, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल बंद. बिडी-सिगारेट सोडावी, तिने हाड जुळायला उशीर लागतो. घरातल्या म्हाताऱ्या बाईला एस.टी.च्या मागच्या सीटवर एक दणका बसूनही मणका चेपू शकतो. तिच्या हाडांच्या ठिसूळपणाचाही उपचार करून घ्या. न पडता पाठ दुखत राहिली, संध्याकाळी ताप येतो, वजन घटते, तर क्षयाची तपासणी करा. मणक्याचा क्षयही बहुतेक वेळा औषधांनी बरा होतो.

सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे. दुखणे थांबले म्हणजे हाड जुळले असे नव्हे. पण अंगावर उचल असलेला तोडणी कामगार तिसऱ्या आठवड्यातच कोयता हातात घेतो आणि खचत आलेला मणका पुरता खचवतो. लागण केली म्हणून महिन्यात तोड मागत नाही, तशी हाडालाही मुदत द्यावीच लागते. मुकादमांनी आणि सभासदांनी अशा गड्याच्या उचलीचा हिशेब पुढच्या हंगामावर ढकलावा, तीन महिने त्याच्या चुलीकडे लक्ष द्यावे. ऑपरेशन लागलेच तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे दवाखान्यातील आरोग्यमित्राला आधी विचारावे. रान गहाण टाकण्याची घाई करू नये.

प्रत्येक टोळीजवळ एक रुंद फळी आणि दोन चादरी ठेवाव्यात, अशी हुपरी परिसरातील सर्व सभासदांना आणि मुकादमांना आमची नम्र विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी