नर्सने डॉक्टरांना झोपेतून उठवावं का?

प्रश्न : टिटवाळ्यात आमचं छोटं प्रसूतिगृह आहे. माणसं चांगली आहेत, पण एकत्र काम जमत नाही. काय करावं?

उत्तर : माणसं बदलण्याआधी कामाची वाटणी तपासा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत आरोग्यदूतांना बाळाचं वजन घेणं, मिनिटभर श्वास मोजणं, गरजेला इंजेक्शन देणं शिकवलं आणि 1999च्या ‘लॅन्सेट’मधील अभ्यासानुसार नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटला. तिथे डॉक्टर जवळ नव्हते, आमच्याकडे आहेत, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, पण रात्री बाळाजवळ नर्सच असते. श्वास मिनिटाला साठवर गेला की डॉक्टरांना उठवायचं आणि त्यावरून तिला कुणी बोलायचं नाही, हे लेखी ठरवा. यानं शिस्त बिघडते, हे मला अजिबात पटत नाही.